मालक पाहा, माल नका पाहू: इंग्रजीतलं माय-माईन, हिज-हर अन् देअर

नागपुरात एका ऑफिसात मुलाखतीला गेलो होतो, खूप वर्षं झाली त्याला. समोरचे साहेब म्हणाले वडलांबद्दल सांगा, तं मी पाठ करून नेलेलं धाडधाड म्हणून टाकलं, "माय फादर इज अ फार्मर. देअर लँड इज फाईव्ह एकर्स." साहेब जरा थांबले. "हूज लँड?" मी म्हटलं, "फादर्स, सर." तं ते म्हणतात कसे, "ओ, सो द लँड इज हिज." आता खरं सांगतो, मला त्या क्षणी राग आला होता, की हा माणूस माझ्या बापाले अरे-तुरे करून राहिला का? हिज म्हणजे 'त्याची'! आमच्याकडं बापाले 'त्याची जमीन' कोणी म्हणते का?

नोकरी नाही लागली. ती त्या एका देअरमुळंच गेली असं नाही, बाकीचंही बरंच कच्चं होतं. पण आता गावात संध्याकाळी समाजमंदिरात पोट्ट्यांना थोडंफार इंग्रजी शिकवतो, तेव्हा दर बॅचला हेच देअर परत येतं. आम्ही पाचवीपासून एबीसीडी शिकलेले लोक, 2000 सालापासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आलं, तरी चुका त्याच. कारण ह्या चुका इंग्रजी न आल्यामुळं होतच नाहीत, त्या चांगलं मराठी येत असल्यामुळं होतात. म्हणून हे मराठी माणसाच्या बाजूनं लिहितो, इंग्रजी पुस्तकात जसं असते तसं नाही.

आधी एकच गोष्ट पक्की करा

शाळेत षष्ठी विभक्ती घोकली असेल, चा-ची-चे. आपण म्हणतो माहा बैल, माही गाय, माहं वासरू. मालक एकच आहे, मीच, पण बैल गेला अन् गाय आली की शब्द बदलला. म्हणजे मराठी मालाकडं पाहून शेपूट बदलते. इंग्रजीला मालाशी काही घेणं-देणं नाही. माय बुलक, माय काऊ, माय काफ. दहा बैल असतील तरी माय बुलक्स.

जनावराच्या कानातला तो पिवळा टॅग पाहिला ना, 12 अंकी नंबरवाला? गाय असो, बैल असो, म्हैस असो, टॅग सारखाच दिसते, अन् नंबर टाकला की मालकाचं नाव निघते. इंग्रजीतले हे शब्द म्हणजे तो टॅग. त्यावर फक्त मालक लिहिलेला असते.

घोळ होतो तो हिज अन् हरमध्ये. 'त्याची बायको' म्हटलं की पोरं 'हर वाईफ' लिहितात, कारण बायको बाई आहे अन् 'ची' लागलेला आहे. 'तिचा नवरा'चं 'हिज हजबंड' करतात. मी पोरांना सांगतो, मराठी शब्दाचं मुंडकं पाहा, शेपूट कापून फेका. त्या-ची: मुंडकं 'त्या', माणूस, म्हणजे हिज. ति-चा: मुंडकं 'ति', बाई, म्हणजे हर. हिज वाईफ, हर हजबंड. पहिले आठ दिवस अक्षरशः पेन्सिलनं शेपटावर काट मारायची, मग सवय होते.

पण हे मुंडक्याचं तंत्र फक्त माणसांवर चालते. मराठीत विहीर पण 'ती' आहे अन् ट्रॅक्टर पण 'तो' आहे. एसटी 'ती', रस्ता 'तो', झाड 'ते'. इंग्रजीत हे सगळे एका लाईनीत, सगळ्यांना इट्स. "ट्रॅक्टरचं चाक पंक्चर आहे, त्याचा जॅक कुठं आहे?" इथं 'त्याचा' म्हणजे हिज नाही, इट्स. विहीर अन् तिचं पाणी, इट्स वॉटर. एका पोरानं लिहिलं होतं, "द वेल इज ओल्ड बट हर वॉटर इज स्वीट." वाचायला फार गोड वाटलं, कवितेत चालूनही जाईल, परीक्षेत नाही चालणार.

जनावरांचं मधलं आहे. अनोळखी जनावर असेल तं इट्स. घरचं, नाव ठेवलेलं, पोळ्याला ज्याच्या शिंगांना तुम्ही स्वतः रंग लावला, त्या बैलाला हिज म्हटलं तरी इंग्रज काही म्हणत नाही, तेही आपल्या कुत्र्याला ही-शी म्हणतात.

मग माय अन् माईन वेगळे करा

यातलं तंत्र सोपं आहे म्हणून लवकर आटपतो. शब्दापुढं वस्तूचं नाव आहे का, तेवढंच पाहायचं. नाव आहे तं छोटा शब्द, नाव गाळलं तं मोठा. "हे माझं पोतं आहे" म्हणजे "धिस इज माय सॅक." "हे पोतं माझं आहे" म्हणजे "धिस सॅक इज माईन." मराठीत दोन्हीकडं 'माझं'च आहे म्हणून फसायला होते.

जोड्या अशा: माय-माईन, यूअर-यूअर्स, हर-हर्स, आवर-आवर्स, देअर-देअर्स. हिज दोन्हीकडं हिजच राहतो, हिजेस वगैरे काही नसते. अन् इट्स एकटा उभा राहतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याच्यापुढं नाव द्याच. "माईन बुक" नाही, "धिस इज माय" म्हणून वाक्य सोडून देणं नाही, अन् "धिस मोबाईल इज ऑफ मी" तं अजिबातच नाही.

आता वर म्हटलं की मालाकडं पाहू नका. एका जागी मात्र पाहावं लागते, माईनच्या पुढच्या क्रियापदासाठी. वरुडच्या बाजारात दोन संत्रावाले बोलत आहेत समजा, "तुमची संत्री गोड, माझी आंबट." "यूअर ऑरेंजेस आर स्वीट, माईन आर सोर." संत्री पुष्कळ म्हणून आर. एकच संत्रा असता तं माईन इज. माईन शब्द बदलला नाही, इज-आर बदललं.

मान डोक्यातून काढा, हे सगळ्यात कठीण

इथं माझी मुलाखत गेली होती म्हणून इथं मी जास्त वेळ थांबणार आहे.

आपण वडलांना, सरांना, सरपंचांना 'त्यांचं' म्हणतो. तो अनेकवचनाचा शब्द आहे पण माणूस एकच असतो, आपण मान देतो म्हणून अनेकवचन वापरतो. इंग्रजीत हा मान देअरमध्ये बसत नाही. देअर म्हटलं की ऐकणारा मोजायला लागतो, कोण-कोण आहेत? म्हणून 'त्यांचं' तोंडात आलं की आधी मुंडकी मोजा. एक माणूस, हिज. एक बाई, हर. दोन किंवा जास्त, देअर. "माझे वडील शेतकरी आहेत, त्यांची जमीन पाच एकर आहे", मुंडकं एक, "हिज लँड". "मॅडम आल्या, त्यांची गाडी बाहेर आहे", मुंडकं एक, "हर कार". "आई-बाबा लग्नाला गेले, त्यांचा फोन लागत नाही", मुंडकी दोन, "देअर फोन".

हिज म्हटल्यानं बापाचा अपमान होत नाही हे मनाला पटवायला मला दोन-तीन वर्षं लागली असतील, हसू नका. इंग्रजीत राजालाही हिजच लागते, त्याला 'हिज मॅजेस्टी' म्हणतात, अन् त्यांचं तिथं याच्यापेक्षा मोठं काही नाही. मान द्यायचा तं सर म्हणा, प्लीज म्हणा, आवाज खाली ठेवा. मान त्या एका शब्दात नाही.

समोरच्या माणसासाठी तं आणखी सोपं. तुझा, तुमचा, आपला, तिन्हीला एकच यूअर. कलेक्टर साहेबांना पण यूअर अन् मामाच्या पोराला पण यूअर.

एका मुंडक्याला देअर चालते असा एक प्रकार आहे, तोही सांगून ठेवतो नाहीतर कोणी मला अडवेल. माणूस कोण आहे, बाई का माणूस, हेच माहीत नसेल तेव्हा. "कोणाचा तरी मोबाईल राहिला इथं" म्हणजे "समवन लेफ्ट देअर फोन हिअर." एव्हरीवन, समवन, नोबडी असल्या शब्दांसोबत हे चालते, इंग्रजीत चौदाव्या शतकापासून चालत आलेलं आहे, नवीन फॅशन नाही. पण बापाबद्दल बोलताना बाप माहीत असतो.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे 'आमचं'. आपण एकटे असलो तरी आमचं म्हणतो, "आमच्या घरी या", "आमचं असं मत आहे". "आमच्या घरी"चं "अॅट आवर हाऊस" चालून जाते, घरात चार जणं राहतातच. "आमचा पोरगा" पण चालते, नवरा-बायकोचा मिळून आहे. पण "आमची मिसेस अंगणवाडीत आहे" याचं एका काकांनी माझ्यासमोर "आवर वाईफ इज इन अंगणवाडी" केलं होतं. पाहुण्यांकडच्या एका शिकलेल्या पोरीनं विचारलं, "आवर? हाऊ मेनी हजबंड्स?" काका स्वतःच जास्त हसले. तेव्हापासून ते क्लासला येतात, मागच्या रांगेत बसतात.

'आपला' हा शब्द फार फिरवतो

आमचा अन् आपला यात आपण फरक करतो. आमचा म्हणजे तू सोडून, आपला म्हणजे तू धरून. "आमचं वावर" अन् "आपलं वावर" यात भावकीत भांडणं होतात. इंग्रजीत दोन्हीला आवरच, तिथं ही सोय नाही, वाटलंच तं वाक्यात वेगळं सांगावं लागते.

पण 'आपला'चं दुसरं काम आहे, स्वतःचा. "सरपंचांनी आपली गाडी विकली." पोरं पटकन लिहितात, "सरपंच सोल्ड आवर कार." याचा अर्थ सरपंचानं गावाची गाडी विकून खाल्ली! असं वाक्य एखाद्या अर्जात गेलं तं पाहा मग. इथं आपली म्हणजे ज्यानं विकली त्याचीच, म्हणून हिज. नियम असा की 'आपला'च्या जागी 'स्वतःचा' बसते का पाहा, बसलं तं वाक्याचा कर्ता शोधा अन् त्याचा शब्द लावा. मी आपलं काम करतो, माय वर्क. तिनं आपला मोबाईल दिला, हर मोबाईल. पोरांनी आपले डबे आणले, देअर टिफिन्स. तू आपलं पाहा, यूअर.

यात मराठी इंग्रजीपेक्षा हुशार आहे, हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. "शेजाऱ्यानं आपला बैल सोडला" अन् "शेजाऱ्यानं त्याचा बैल सोडला", आपल्याला लगेच कळते की दुसऱ्या वाक्यात बैल दुसऱ्याच कोणाचा आहे. इंग्रजीत दोन्हीकडं "हिज बुलक", कोणाचा ते देवाले ठाऊक. म्हणून पक्कं सांगायचं असलं की ओन लावायचं, "हिज ओन बुलक".

मालक गाळू नका

आपण घरातल्या घरात मालकाचं नावच घेत नाही. "बाबा वावरात गेले." "भाऊ पुण्याले हाय." "डोकं दुखून राहिलं." "हात धू." कोणाचे बाबा, कोणाचं डोकं, हे मराठीत विचारावं लागत नाही. इंग्रजी मात्र तलाठ्यासारखी आहे, प्रत्येक ठिकाणी मालकाचं नाव नोंदवल्याशिवाय पुढं सरकत नाही. "माय फादर हॅज गॉन टू द फील्ड." "माय ब्रदर इज इन पुणे." "वॉश यूअर हँड्स." "ब्रदर इज इन पुणे" म्हटलं तं ऐकणाऱ्याला वाटते ब्रदर नावाचा कोणी माणूस आहे का काय.

शरीराच्या अवयवांना तं हे हमखास लावा. "त्याचा पाय मोडला" म्हणजे "ही ब्रोक हिज लेग." यावर क्लासमध्ये नेहमी प्रश्न येतो, "सर, स्वतःच मोडला का त्यानं?" नाही रे बाप्पा, गाडीवरून पडला, पण इंग्रजीत असंच म्हणतात.

अन् उलटंही आहे, मराठीत माझ्याकडं-माझ्याजवळ-मला असते तिथं इंग्रजीत हा शब्द लागतच नाही, तिथं हॅव लागते. "मला दोन पोरी आहेत", "माझ्याजवळ पैसे नाहीत", "माझ्याकडं पाच एकर आहे", तिन्ही आय हॅव अन् आय डोन्ट हॅव. "माय टू डॉटर्स आर" असं अर्धवट सोडू नका, अन् "निअर मी मनी इज नॉट" हे ऐकलेलं आहे म्हणून सांगतो, नका करू.

'माझा तो मित्र'

"माझा एक मित्र अमरावतीला आहे." पोरं म्हणतात, "माय वन फ्रेंड इज इन अमरावती." "माझा तो मित्र आला" म्हणजे "माय दॅट फ्रेंड." मराठीत माझा अन् तो शेजारी-शेजारी गुण्यागोविंदानं बसतात, इंग्रजीत एका खुर्चीवर एकच. अ, द, धिस, दॅट यातलं काही बसलेलं असेल तं मायनं उठून मागं जायचं अन् माईन होऊन यायचं, "अ फ्रेंड ऑफ माईन", "दॅट फ्रेंड ऑफ माईन". किंवा "वन ऑफ माय फ्रेंड्स", पण मग फ्रेंड्सला शेवटी एस पाहिजेच, कारण पुष्कळांमधून एक उचलला.

शेवटी ते वर लटकलेलं चिन्ह

अपॉस्ट्रॉफी. बोलताना याचा काही त्रास नाही, लिहिताना आहे, अन् इथं इंग्रज लोकही चुकतात म्हणून जास्त लाजू नका.

नामाला मालकी लावताना चिन्ह अन् एस लागते, फार्मरच्या पुढं चिन्ह, मग एस, म्हणजे एका शेतकऱ्याचं. पुष्कळ शेतकऱ्यांचं असेल तं आधी एस अन् मग चिन्ह. पण यूअर्स, हर्स, आवर्स, देअर्स यांना चिन्ह कधीच नाही. ते आधीच मालकीचे शब्द आहेत.

इट्समध्ये मात्र लोक चुकतात. आय-टी-एस, चिन्हाशिवाय, म्हणजे त्याचं. आय-टी-चिन्ह-एस म्हणजे इट इज किंवा इट हॅज, आखडून लिहिलेलं. तपासायचं कसं, तं तोंडानं "इट इज" असं सोडवून वाचायचं. "द ट्रॅक्टर लॉस्ट इट इज व्हील", वाक्य बसलं का? नाही ना, मग चिन्ह काढा. गंमत म्हणजे हा इट्स शब्द इंग्रजीत 1600 च्या आसपास आला, त्याच्या आधी निर्जीव वस्तूंनाही हिजच लावत होते, अन् आल्यावरही पुष्कळ वर्षं लोक त्याला बिनधास्त चिन्ह लावून लिहीत. म्हणजे आज जी चूक आहे ती तेव्हा चूक नव्हती. पण आजचे पेपर आजच तपासले जातात.

हीच सोडवायची परीक्षा बाकीच्यांना लावा. वाय-ओ-यू-आर म्हणजे तुझं, चिन्हवालं म्हणजे यू आर. डब्ल्यू-एच-ओ-एस-ई म्हणजे कोणाचं, चिन्हवालं म्हणजे हू इज. देअर तीन प्रकारचं आहे: टी-एच-ई-आय-आर म्हणजे त्यांचं, टी-एच-ई-आर-ई म्हणजे तिथं, अन् चिन्हवालं म्हणजे दे आर.

आता हे करून पाहा

वही घ्या, खालचं इंग्रजीत लिहा, उत्तर लगेच पाहू नका.

"माझ्या एका मित्राचं वरुडजवळ वावर आहे. त्याचे वडील शिक्षक होते, त्यांची सायकल अजून घरी आहे. तिचं एक चाक वाकडं आहे. मित्रानं आपली बाईक विकली, आता तो माझी नेतो. मी काल त्यांच्या घरी आपलं सहज गेलो होतो."

पहिलं वाक्य "अ फ्रेंड ऑफ माईन हॅज अ फार्म निअर वरुड", इथं मालकी हॅजनं आली. दुसऱ्यात वडील एकच, म्हणून देअर नाही. पण नुसतं "हिज सायकल" म्हटलं तं मित्राची का वडलांची ते कळत नाही, म्हणून "हिज फादर वॉज अ टीचर, अँड हिज फादर्स सायकल इज स्टिल इन द हाऊस." दोनदा फादर आलं तरी येऊ द्या. सायकल मराठीत ती आहे, इंग्रजीत "वन ऑफ इट्स व्हील्स इज बेंट." मग "माय फ्रेंड सोल्ड हिज बाईक, अँड नाऊ ही टेक्स माईन." आवर बाईक लिहिलं असेल तं वर सरपंचाच्या गाडीपाशी परत जा. शेवटच्या वाक्यात "देअर हाऊस" बरोबर आहे, घरात खरंच चार मुंडकी आहेत.

अन् "आपलं सहज" मधल्या 'आपलं'चं काय केलं? कोणी आवर लिहिलं, कोणी माय ओन लिहिलं, दरवेळी होते हे. ते 'आपलं' कोणाच्याच मालकीचं नाही, आपण बोलताना उगाच टाकतो. "आय वेंट टू देअर हाऊस यस्टरडे, फॉर नो पर्टिक्युलर रीझन." तेवढं एक 'आपलं' गावातच ठेवा.